नदी, तलाव आणि खाडीची प्रकृती सरकार कशी तपासते: बाटली भरण्यापासून शेऱ्यापर्यंत

एखाद्या नदीचे नाव प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत असते, आणि त्याच नदीवरच्या एका ठिकाणापुढे मासिक तक्त्यात ‘मध्यम ते चांगले’ असा शेरा असतो. वाचणारा गोंधळतो आणि शेवटी दोन्हीवर विश्वास ठेवत नाही. खरे तर दोन्ही निष्कर्ष एकाच बाटलीतल्या पाण्यातून निघू शकतात. ते कसे, हे खाली पायरीपायरीने दिले आहे. पद्धत कळली की तक्ता वाचता येतो, त्यातली गफलत पकडता येते आणि गावचा नदीगट किंवा महाविद्यालय स्वतःचे नमुने त्याच्या शेजारी ठेवू शकते. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, खाडीच्या भागात थोडी गोव्याकडची.

कोण तपासते आणि काय

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. ते १९७० साली स्थापन झाले, म्हणजे केंद्राचा १९७४ चा जल कायदा येण्याआधी. आज राष्ट्रीय जलगुणवत्ता कार्यक्रमाखाली नद्या, तलाव आणि खाड्यांवरच्या ठरलेल्या ठिकाणांहून महिन्याला किंवा तीन महिन्यांनी नमुने घेतले जातात. गाभ्याच्या चाचण्या नऊ: तापमान, सामू (पीएच), विद्युत वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, नायट्राइट, विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) आणि एकूण कोलिफॉर्म. धातू, कीटकनाशके वगैरे तपासतात, पण क्वचित.

नदीतून किती पाणी वाहते हे मोजणारी खाती मात्र वेगळी आहेत: केंद्रीय जल आयोग आणि राज्याचा जलसंपदा विभाग. त्यामुळे गुणवत्तेच्या तक्त्यात प्रवाहाचा रकाना सहसा नसतो. ही उणीव पुढे महागात पडते.

पायरी १: हे पाणी कशासाठी?

‘नदी स्वच्छ आहे का?’ या प्रश्नाला सरकारी पद्धतीत उत्तरच नाही. प्रश्न असा असतो: या पट्ट्यातले पाणी कोणत्या वापराला योग्य आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी पाच वर्ग केले आहेत.

‘अ’ वर्गाचे पाणी फक्त निर्जंतुक करून पिता येते. त्यात ऑक्सिजन लिटरला किमान ६ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त २ आणि एकूण कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला ५० पर्यंत चालतात. ‘ब’ आंघोळीसाठी: ऑक्सिजन किमान ५, बीओडी ३ पर्यंत, कोलिफॉर्म ५०० पर्यंत. ‘क’ वर्गाचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून नेऊन पिण्यासाठी: ऑक्सिजन किमान ४, बीओडी ३ पर्यंत, कोलिफॉर्म ५,००० पर्यंत. ‘ड’ मासे आणि वन्यजीवांसाठी. इथे ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ च्या आत हवा, बीओडीची अट नाही. ‘इ’ शेती आणि कारखान्यांतल्या शीतकरणासाठी; इथे क्षारांकडे पाहतात, म्हणून वाहकता २,२५० च्या आत आणि बोरॉन २ मिलिग्रॅमच्या आत.

आंघोळीसाठी २००० साली वेगळे निकषही अधिसूचित झाले. त्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० च्या आत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा. वारी, पर्वणी, घाटावरचे स्नान यांच्या संदर्भात हाच आकडा पाहावा. ‘पाणी शेतीला योग्य’ असा अहवाल दाखवून घाटावर उतरायला सांगणे म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवणे.

पायरी २: जागा आणि वेळ

निम्मी चूक किंवा निम्मे यश इथेच ठरते. एका नदीवर किमान तीन प्रकारची ठिकाणे लागतात: वस्ती आणि कारखान्यांच्या वर, उगमाकडे एक, म्हणजे नदी मुळात कशी आहे ते कळते, शहराच्या किंवा नाल्याच्या लगेच खाली एक, आणि बरेच खाली, पाणी पूर्ण मिसळल्यावर एक. पंचगंगेवर हे सोपे आहे. प्रयाग चिखलीच्या संगमापाशी एक, कोल्हापूर शहर आणि इचलकरंजीच्या खाली एकेक, आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळण्याआधी एक.

‘पूर्ण मिसळल्यावर’ हे शब्द नीट घ्यावेत. नाल्याचे पाणी नदीत पडले तरी बरेच अंतर एकाच काठाने वाहत राहते. त्या काठावर बाटली भरली तर नदी गटार दिसते, समोरच्या काठावर भरली तर निर्मळ. पुलावरून या काठापासून त्या काठापर्यंत पाच ठिकाणी वाहकता मोजावी. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर पाणी अजून मिसळलेले नाही. ठिकाण आणखी खाली न्यावे.

वेळेचे महत्त्व त्याहून जास्त आहे. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री तो वापरतात. म्हणून सांडपाण्यावर पोसलेल्या डोहात दुपारी दोनला ऑक्सिजन ९ मिलिग्रॅम आणि पहाटे २ असू शकतो. मासे मरतात ते पहाटे. नमुना घेणारी गाडी पोचते अकराच्या पुढे. दर वेळी एकाच तासाला नमुना घ्यावा, आणि शक्य असेल तर वर्षातून दोनदा तरी चोवीस तास दर दोन तासांनी ऑक्सिजन मोजावा. दुपारचा आकडा संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात मावेल तेवढ्या ऑक्सिजनच्या, १२० टक्क्यांवर गेला तर खूश होऊ नये. ते शेवाळ माजल्याचे लक्षण आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की फळ्या टाकतात आणि वाहती नदी तळ्यांची माळ होते. उन्हाळाभर तळाशी गाळ कुजतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो सगळा ढवळून निघतो आणि काही तासांत ऑक्सिजन संपतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेतलेल्या नमुन्यात ते काही तास बहुतेकदा सापडत नाहीत. त्यासाठी पहिल्या पावसाचा वेगळा नमुना हवा.

पायरी ३: बाटली भरणे

प्रवाहाच्या मध्यावर, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटिमीटरवर. वरचा तवंग नको, तळचा गाळ नको. पाण्यात उतरला असाल तर आपले तोंड प्रवाहाच्या उलट, म्हणजे वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ मागे जातो. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळू नये आणि काठोकाठ भरू नये. हलवायला जागा लागते.

तापमान, सामू आणि वाहकता जागेवरच मोजावी. बीओडी आणि कोलिफॉर्मचे नमुने बर्फाच्या पेटीत, साधारण ४ अंशांवर, अंधारात. शक्य तितक्या लवकर, आणि २४ तासांच्या आत तपासणी सुरू झालीच पाहिजे. सीओडीच्या (घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल आणि धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली नेतात. बर्फ न घेता दिवसभर जीपमध्ये फिरलेल्या बाटलीत जंतू बीओडीचा फडशा प्रयोगशाळेत पोचण्याआधीच पाडतात, आणि नदी कागदावर स्वच्छ होते.

पायरी ४: ऑक्सिजन, जागेवर

ही चाचणी डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, तिरप्या बुचाची. पाणी तळापासून नळीने हळू भरायचे, वर वाहू द्यायचे. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग पिपेटचे टोक पाण्यात बुडवून २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, फाटलेल्या दुधासारखा, आणि हळूहळू खाली बसतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. मेलेल्या पाण्याची खूण तिथेच, नदीकाठी, हातातल्या बाटलीत दिसते.

साका बसल्यावर २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातले की तो विरघळून पाणी पिवळसर होते. त्यातले सुमारे २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचे. रंग फिका झाला की स्टार्च, मग निळा रंग जाईपर्यंत थेंबथेंब. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला. थायोसल्फेट जुने झाले की त्याची तीव्रता उतरते, जास्त लागते आणि ऑक्सिजन फुगून दिसतो. म्हणून ते वरचेवर प्रमाणित करून घ्यावे.

मिळालेला आकडा संपृक्ततेशी ताडावा. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात २० अंशांवर सुमारे ९.१, २५ वर ८.३ आणि ३० वर ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून हे आकडे सहासात टक्क्यांनी कमी धरावेत. ही दुरुस्ती विसरली की पुण्यातली नदी आहे त्यापेक्षा आजारी दिसते.

पायरी ५: बीओडी

पाण्यातली घाण खाताना जंतूंना किती ऑक्सिजन लागतो, ते म्हणजे बीओडी. भारतात ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवस करतात. २० अंशांवर ५ दिवस या जुन्या पद्धतीशी ती साधारण जुळते आणि आपल्या हवेत सोयीची पडते. नमुना पातळ करून दोन बाटल्या भरायच्या. एकीचा ऑक्सिजन लगेच मोजायचा, दुसरीचा तीन दिवसांनी. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटर नमुना असेल तर पट १०. सुरुवातीला ७.६ आणि नंतर ४.१ मिळाले, तर फरक ३.५, गुणिले १०, बीओडी ३५.

निकाल ग्राह्य धरायला दोन अटी: ऑक्सिजनमधली घट किमान २ मिलिग्रॅम हवी आणि शेवटी किमान १ मिलिग्रॅम उरलेला हवा. सगळा संपला असेल तर खरा बीओडी मिळालेल्या आकड्याहून जास्त आहे, किती ते कळत नाही. म्हणून एकाच नमुन्याचे तीन वेगवेगळे पट लावतात.

औद्योगिक पट्ट्यातली फसगत याच्या उलट असते. पाण्यात जड धातू किंवा विषारी रसायने असतील तर जंतूच मरतात, ऑक्सिजन वापरला जात नाही आणि बीओडी छान कमी येतो. अशा ठिकाणी सीओडी शेजारी ठेवावा. घरगुती मैल्यात सीओडी बीओडीच्या दोन-अडीच पट असतो; तो आठदहा पट दिसला तर पाण्यात काहीतरी न कुजणारे किंवा विषारी आहे असे समजावे.

पायरी ६: कोलिफॉर्म आणि ‘१६००’ चे कोडे

अनेक नळ्यांत नमुना वाढवून, किती नळ्यांत वायू धरला यावरून कोष्टकात ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ शोधतात. पाच-पाच नळ्यांच्या नेहमीच्या संचात कोष्टकाचे टोक १,६०० आहे. सगळ्या नळ्या भरल्या तर उत्तर ‘१,६०० हून जास्त’. तक्त्यात महिनोन्‌महिने १,६०० हाच आकडा दिसला तर नदी स्थिर नाही. मोजपट्टी संपली आहे. नमुना आणखी दहापट, शंभरपट पातळ करून पुन्हा तपासायला हवा. त्याचप्रमाणे १.८ म्हणजे ‘काही सापडले नाही’ याची खालची मर्यादा.

पायरी ७: निर्देशांक, आणि तो काय झाकतो

महाराष्ट्रात चार चाचण्यांतून एक निर्देशांक काढतात. वजने अशी: ऑक्सिजन ०.३१, विष्ठाजन्य कोलिफॉर्म ०.२८, सामू ०.२२, बीओडी ०.१९. प्रत्येक चाचणीला आधी सूत्राने १०० पैकी गुण, मग वजनाने गुणून बेरीज. ६३ च्या वर ‘चांगले ते उत्कृष्ट’, ५० ते ६३ ‘मध्यम ते चांगले’, ३८ ते ५० ‘वाईट’, त्याखाली ‘वाईट ते अतिवाईट’.

एक हिशेब करून पाहू. पाण्याचे तापमान २८ अंश, ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम म्हणजे ६३.९ टक्के संपृक्तता, सामू ७.८, बीओडी ५, विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५००.

ऑक्सिजन (४० ते १०० टक्क्यांत): १.१७ × ६३.९ − १३.५५ = ६१.२
कोलिफॉर्म (१,००० पर्यंत): ९७.२ − २६.६ × २.७ (५०० चा लॉग) = २५.४
सामू (७.३ ते १०): ३१६.९६ − २९.८५ × ७.८ = ८४.१
बीओडी (१० पर्यंत): ९६.६७ − ७ × ५ = ६१.७

वजने लावल्यावर १९.० + ७.१ + १८.५ + ११.७ = ५६.३. शेरा ‘मध्यम ते चांगले’. पण बीओडी ५ आहे, म्हणजे आंघोळीच्या ३ च्या मर्यादेबाहेर. आणि प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत ३ च्या वरचे सगळे येतात. सुरुवातीचा विरोधाभास हाच. सरासरी काढली की एका चाचणीतले चांगले गुण दुसऱ्या चाचणीतले नापास झाकतात.

सर्वांत जास्त झाकतो तो सामू. शहरी मैल्याचा सामू सातच्या आसपासच असतो. वरच्या हिशेबात ऑक्सिजन शून्य केला, म्हणजे एकही मासा जगणार नाही असे पाणी घेतले, तरी बेरीज ३७.४ येते, आणि त्यातले १८.५ गुण एकट्या सामूचे. म्हणून निर्देशांक आधी पाहू नये. आधी ऑक्सिजन, मग कोलिफॉर्म, मग बीओडी, आणि शेवटी निर्देशांक, हा क्रम ठेवावा. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जल-निर्देशात हा धोका ओळखून उलटा नियम केला आहे: सर्वांत वाईट घटक जो, तोच त्या पाण्याचा दर्जा. हा नियम कडक आहे, पण झाकपाक करत नाही.

पायरी ८: प्रदूषित पट्टे

केंद्रीय मंडळ बीओडीवरून पट्ट्यांचे पाच प्राधान्यक्रम लावते: ३० च्या वर पहिला, २० ते ३० दुसरा, १० ते २० तिसरा, ६ ते १० चौथा, ३ ते ६ पाचवा. २०१८ च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते, त्यात महाराष्ट्राचे ५३, सर्वांत जास्त. २०२२ च्या यादीत देशाचे ३११ झाले आणि महाराष्ट्राचे ५५. २०१८ च्या यादीत मिठी, मुळा आणि मुठा पहिल्या प्राधान्यक्रमात होत्या. राज्यांची तुलना करताना तपासणीची ठिकाणे किती आहेत हे आधी पाहावे. जिथे बाटलीच भरली जात नाही तिथे नदी यादीत येत नाही. महाराष्ट्रात ठिकाणांचे जाळे दाट आहे, त्यामुळे सापडतेही जास्त. नद्यांची स्थिती खरोखर गंभीर आहे हे त्याने खोटे ठरत नाही.

इथेच प्रवाहाची उणीव टोचते. भार काढायचा तर प्रवाह (घनमीटर दर सेकंदाला) × बीओडी × ८६.४ = दिवसाला किलो. उन्हाळ्यात ४ घनमीटर आणि बीओडी १२ असेल तर भार सुमारे ४,१५० किलो. पावसाळ्यात ३०० घनमीटर आणि बीओडी ३, तर सुमारे ७७,८०० किलो. आकडा चौपट ‘सुधारला’, आणि खालच्या धरणात जाणारी घाण जवळजवळ एकोणीसपट झाली. दोन वर्षांची तुलना करायची तर मार्च ते मे महिन्यांची मार्च ते मेशीच करावी.

पायरी ९: तळाचे जीव

रसायनांची तपासणी त्या क्षणाचे पाणी सांगते. तळाचे कीटक मागचे काही आठवडे सांगतात. उथळ खळाळात, अर्धा मिलिमीटर छिद्रांचे जाळे पाण्यात धरून समोरचे दगड पायाने हलवायचे, वाहून आलेले जीव पांढऱ्या ताटात ओतायचे. दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लायच्या अळ्या आणि तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या काही कुळांना १० पर्यंत गुण, लालभडक कायरोनोमिड अळ्यांना २, गांडुळासारख्या किड्यांना १. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी काढायची. मग जीव एकामागून एक रांगेत लावून, आधीच्यापेक्षा वेगळा किती वेळा आला ते मोजायचे: ६० जिवांत ३३ वेळा बदल, तर विविधता ०.५५. सरासरी ४.५ आणि विविधता ०.५५ असेल तर केंद्रीय मंडळाच्या जैविक निकषांनुसार मध्यम प्रदूषण. पूर ओसरल्यावर लगेच ही तपासणी करू नये. जीव वाहून गेलेले असतात आणि निष्पाप नदीला शिक्षा होते.

तलाव

तलावाचा नमुना काठावरून घेणे जवळजवळ निरुपयोगी. सर्वांत खोल जागी होडीने जावे, दर मीटरला तापमान आणि ऑक्सिजन मोजावा. उन्हाळ्यात वर गरम, खाली थंड असे थर पडतात; खालच्या थरातला ऑक्सिजन संपला की गाळातला फॉस्फरस सुटून वर येतो आणि शेवाळ व जलपर्णीला खत मिळते. २० सेंटिमीटरची काळी-पांढरी सेकी तबकडी दोरीला बांधून दिसेनाशी होईपर्यंत सोडावी. कार्लसनच्या १९७७ च्या निर्देशांकात १ मीटर खोलीला ६० गुण, २ मीटरला ५०, अर्ध्या मीटरला ७०. ५० च्या वर तलाव अतिपोषित. पण पावसाळ्यात गढूळ मातीनेही तबकडी दिसत नाही. क्लोरोफिल (शेवाळातले हरितद्रव्य) मोजल्याशिवाय दोष शेवाळाला देऊ नये.

लोणारचे सरोवर हा वेगळाच धडा. त्याचा सामू निसर्गतःच दहाच्या आसपास आहे. वरच्या पाच वर्गांत ते कुठेच बसत नाही, आणि तरी ते आजारी नाही. तिथे गोडे पाणी मिसळून सामू ‘सुधारला’ तर मात्र बिघाड समजावा.

खाडी

खाडीत दर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी भरती येते, त्यामुळे एकच नमुना म्हणजे नाणेफेक. भरतीच्या टोकाला एक आणि ओहोटीच्या टोकाला एक, असे जोडीने घ्यावेत; उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत वेगवेगळे. मांडवीसारख्या नदीत पावसाळ्यात वर गोडे आणि खाली खारे पाणी सरकते, म्हणून वरचा आणि तळचा नमुना स्वतंत्र. प्रत्येकाबरोबर क्षारता लिहिलीच पाहिजे. २८ अंशांवर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, म्हणून ५ मिलिग्रॅम म्हणजे नदीत ६४ टक्के आणि खाडीच्या तोंडाशी ७८ टक्के.

मापदंडही वेगळे आहेत. किनारी पाण्याचे पाच वर्ग असून पोहणे आणि व्यापारी मासेमारीच्या दुसऱ्या वर्गात ऑक्सिजन ४ मिलिग्रॅम किंवा ५० टक्के संपृक्तता यांतले जे जास्त ते, बीओडी ३ आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० पर्यंत. सीओडीचा आकडा खाडीत सहसा मानू नये. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते आणि ते स्वतःच चाचणीतला अभिकर्मक खाऊन सीओडी फुगवते. माहीमच्या खाडीत भरतीला समुद्राचे पाणी आत शिरते तेव्हा मिठीचा बीओडी उतरतो, ओहोटीला चढतो. भरतीची वेळ न लिहिलेला तिथला आकडा कोणत्याही बाजूने वापरता येतो, म्हणून कोणीही वापरू नये.

तक्ता हातात आल्यावर

पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. नमुन्याची तारीख आणि तास आहे का? ऑक्सिजन आणि तापमान जागेवरचे आहे का? विष्ठाजन्य कोलिफॉर्म एकूण कोलिफॉर्मपेक्षा जास्त तर नाहीत? ते अशक्य आहे, तिथे चूक नक्की. सलग महिन्यांत सगळे आकडे हुबेहूब तेच तर नाहीत? शंका आली तर माहिती अधिकारात नुसता निकाल मागू नये. नमुना घेतानाची क्षेत्रनोंद आणि टायट्रेशनची वही मागावी. आणि स्वतःची नोंद लिहिताना एवढे तरी यावे: नदी आणि पुलाचे नाव, कोणता काठ की मध्य, तारीख, तास, आधीच्या तीन दिवसांतला पाऊस, बंधाऱ्याच्या फळ्या टाकलेल्या की काढलेल्या, पाण्याचे तापमान, ऑक्सिजन मिलिग्रॅममध्ये आणि टक्क्यांत, बाटली बर्फात किती वाजता ठेवली आणि प्रयोगशाळेत किती वाजता उघडली.